सुरी लागण्याआधीची दहा मिनिटं

दाढ काढायला गेलो की दंतवैद्य आधी हिरडीत एक इंजेक्शन देतो. थोड्या वेळात गाल जड होतो, ओठ आपला वाटेनासा होतो आणि मग पकड आत जाते. ते औषध म्हणजे लिग्नोकेन, त्यालाच लिडोकेनही म्हणतात. कोयत्याने कापलेल्या बोटाला टाके घालायचे असोत की नखाखालचा पू काढायचा असो, तालुक्याच्या दवाखान्यातही हीच बाटली कपाटातून बाहेर येते. जुनं, स्वस्त आणि कुणाला कौतुक वाटू नये इतकं साधं औषध.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हे औषध स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीभोवती टोचलं, सात ते दहा मिनिटं थांबले आणि मग नेहमीसारखं ऑपरेशन केलं. बाईंना पूर्ण भूल द्यायचीच होती, त्यामुळे ऑपरेशनमधल्या दुखण्यासाठी याची काही गरज नव्हती. तरी टोचलं. पाच वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा इंजेक्शन मिळालेल्या बायका जास्त संख्येने जिवंत होत्या.

दाढदुखीच्या औषधाचा कॅन्सरशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. तो समजून घ्यायचा तर एका सर्जनचा तीस-पस्तीस वर्षांचा प्रवास पाहावा लागतो. डॉ. राजेंद्र बडवे हे त्यांचं नाव. पुढे ते टाटा मेमोरियलचे संचालक झाले, २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण पदं आणि पुरस्कार बाजूला ठेवू. मला त्यांच्या संशोधनात गंमत वाटते ती एका हट्टाची. बहुतेक सर्जन विचारतात, किती कापायचं? हा माणूस विचारत राहिला की आपण कापतो त्या तासाभरात रोगाचं काय होतं?

आधी थोडं मागे जाऊ, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बाल्टिमोरला. विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जनची समजूत अशी होती की स्तनाचा कॅन्सर हरळीसारखा पसरतो. जमिनीखालून मुळी सरकत सरकत जाते, एका जागेवरून शेजारच्या जागी. शेतकरी हरळी काढताना जसा मुळी संपेपर्यंत खणत जातो, तसं त्याने स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी (म्हणजे प्रत्येकाच्या काखेत असतात त्या लसिकाग्रंथी) एकत्र काढायला सुरुवात केली. छाती खोलगट व्हायची, हात सुजायचा. जवळजवळ पाऊणशे वर्षं जगभर हीच पद्धत चालली, कारण मोठा सर्जन म्हणाला होता आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे तेच शिकवलं होतं.

पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, हा रोग हरळीसारखा नाही, गाजरगवतासारखा आहे. (उपमा माझी. फिशरांनी गाजरगवत पाहिलं होतं की नाही, देव जाणे.) रोप हाताला लागेपर्यंत बी वाऱ्यावर उडून गेलेलं असू शकतं, म्हणजे कॅन्सरच्या पेशी रक्तातून आधीच शरीरभर गेलेल्या असू शकतात. मग आजूबाजूची जमीन कितीही खोल खणली तरी उपयोग काय? त्यांनी १९७१ आणि १९७६ साली दोन मोठ्या चाचण्या सुरू केल्या. इटलीत मिलानला डॉ. उम्बेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ बायकांवर तशीच चाचणी केली. वीस वर्षांचा पाठपुरावा झाल्यावर २००२ साली दोघांचे निकाल एकाच सुमाराला आले. फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून रेडिएशन दिलेल्या बायका, पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतकीच वर्षं जगल्या होत्या. टाटाच्या आवारात रेडिएशनला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात, तेच हे. आज सुरुवातीच्या टप्प्यातल्या बाईचा स्तन वाचवता येतो, तो या दोघांमुळे.

पण फिशरांच्या विचारात एक फट राहिली होती. बी आधीच उडालंय हे खरं मानलं, तरी रोप उपटताना जो हिसका बसतो त्याने आणखी बी सांडतं का? किंवा दूर जाऊन निजलेलं बी त्या हिसक्याने जागं होतं का? उंदरांवरच्या प्रयोगांत तसे इशारे मिळाले होते. मुख्य गाठ काढली की दुसरीकडच्या पेशी वेगाने वाढू लागायच्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, म्हणून फार कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

बडवे या फटीत शिरले ते लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये असताना. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांनी पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या जुन्या नोंदी काढल्या होत्या. प्रश्न साधा होता, आणि आपल्याकडे घरातल्या मोठ्या बायकांना तो चमत्कारिक वाटला नसता. ऑपरेशन झालं तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?

पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत जातं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक येतं आणि इस्ट्रोजेनला आवर घालतं. पाळी सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसादरम्यान इस्ट्रोजेनला असा लगाम नसतो. या दिवसांत ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के जिवंत होत्या. इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. सर्जन तोच, रुग्णालय तेच, औषधं तीच, आणि तारखेमुळे एवढा फरक?

खळबळ माजली, हे सांगायला नको. जगभरच्या रुग्णालयांनी आपापल्या फायली उघडल्या. काहींना तसाच फरक दिसला, काहींना अजिबात दिसला नाही. पुढे आधीपासून ठरवून केलेल्या अभ्यासांतही तारखेचा ठोस परिणाम हाती लागला नाही. मला विचाराल तर ५४ आणि ८४ मधली दरी तेव्हाच जरा जास्तच रुंद वाटायला हवी होती. जुन्या नोंदींतून मिळालेला फरक नेहमी थोडा फुगलेला असतो. पाळीची तारीख बाईने आठवून सांगितलेली, नर्सने घाईत लिहिलेली, आणि प्रत्येकीचं चक्र काही घड्याळाच्या काट्यावर चालत नाही. २४९ बायका ही संख्याही तशी लहानच.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रवास तिच्यावर उभा आहे. एखादा उपचार खरंच चालतो का, हे जुन्या फायलींवरून कधीच पक्कं कळत नाही. समजा नोंदींत दिसलं की सकाळी चालायला जाणाऱ्यांना हार्टअटॅक कमी येतो. हा चालण्याचा गुण, की मुळात ज्यांची तब्येत बरी तेच चालायला जातात? ही गुंतागुंत सोडवायला एकच उपाय आहे, चिठ्ठ्या टाकायच्या. रुग्णाची पूर्ण संमती घ्यायची आणि मग कोणाला नवा उपचार, कोणाला जुना, हे डॉक्टरने ठरवायचं नाही, नशिबाने ठरवायचं. संख्या मोठी असली की तरुण-म्हाताऱ्या, गरीब-श्रीमंत, लहान गाठवाल्या-मोठ्या गाठवाल्या दोन्ही बाजूंना आपोआप सारख्या वाटल्या जातात. मग जो फरक उरतो तो उपचाराचा. आता हे काम संगणक करतो, पण तत्त्व चिठ्ठीचंच.

मुंबईत आल्यावर बडव्यांनी तारखेचा नाद सोडला आणि कारणाला हात घातला. परळच्या गर्दीत प्रत्येक बाईचं ऑपरेशन तिच्या पाळीचा दिवस बघून लावणं कुठे शक्य होतं? पण प्रोजेस्टेरॉन हा जर खरा रक्षक असेल, तर तो बाहेरून देता येतो. १००० बायका घेतल्या. निम्म्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. इंजेक्शन जुनंच, गर्भपात टाळण्यासाठी वापरात असलेलं.

निकाल २०११ साली आला आणि तो अडचणीचा होता. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर ठाम म्हणावा असा फरक नव्हता. पण ज्यांच्या काखेतल्या गाठींत कॅन्सर पोचला होता तेवढ्याच बायका वेगळ्या काढल्या, तर फरक दिसत होता. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के जिवंत, न मिळालेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के.

मग हे यश म्हणायचं की अपयश? संख्याशास्त्राची माणसं अशा ठिकाणी कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचं बरोबर आहे. परीक्षेत एकूण गुण कमी पडल्यावर पोरगं म्हणतं, "भूमितीच्या प्रश्नांत बघा ना, मी पहिला आहे." खरंच भूमितीत हुशार असेलही. पण पेपरचे पुरेसे तुकडे केले की कुठल्यातरी तुकड्यात कुणीही पहिला येतो. म्हणून अशा उपगटातल्या फरकावर उपचार बदलायचा नसतो, फार तर नवी चाचणी आखायची असते. हे इंजेक्शन आज जगात कुठे सर्रास दिलं जात नाही. बडव्यांना मात्र यातून हवी ती खूण मिळाली असावी. ऑपरेशनच्या आधी, अगदी थोड्या काळासाठी, एकदाच काहीतरी केलं तर त्याचा माग वर्षानुवर्षं उरू शकतो.

यानंतरची चाचणी मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत धाडसाची वाटते, कारण त्यात सर्जननेच सुरी खाली ठेवायची होती.

काही बायका पहिल्यांदा रुग्णालयात येतात तेव्हाच कॅन्सर हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात पोचलेला असतो. लोक याला 'फोर्थ स्टेज' म्हणतात. नातेवाईक डॉक्टरांपुढे हात जोडतात, "साहेब, निदान ती गाठ तरी काढून टाका." यात चूक काय? शत्रू घरात दिसतोय, हाकलून द्या. परदेशातल्या फायलीही तेच सांगत होत्या. फोर्थ स्टेजलाही ज्यांची गाठ काढली त्या बायका जास्त जगल्या होत्या. पण तिथे चालायला जाणाऱ्यांचीच गोष्ट होती. ज्यांची प्रकृती बरी, ज्यांचा रोग थोडा, त्यांनाच सर्जनने टेबलावर घेतलं होतं.

२००५ ते २०१३ या काळात टाटामध्ये अशा ३५० बायकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. जवळपास सगळ्यांना आधी केमो देऊन रोग थोडा आटोक्यात आणला होता. मग १७३ जणींच्या स्तनाचं आणि काखेचं ऑपरेशन करून रेडिएशन दिलं. १७७ जणींना औषधं चालू ठेवली, ऑपरेशन नाही. निम्म्या बायका किती महिने जगल्या, हे मोजलं. ऑपरेशनच्या गटात १९.२ महिने, दुसऱ्या गटात २०.५ महिने. म्हणजे गाठ काढून आयुष्य एका महिन्यानेही वाढलं नाही.

त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. बातम्यांत तो फारसा आला नाही, पण मी तिथे थांबलो. ऑपरेशन झालेल्यांच्या छातीवरचा रोग अर्थातच आटोक्यात राहिला. मात्र त्यांच्या दूरच्या अवयवांतला रोग वाढण्याचा वेग सुमारे ४० टक्के जास्त होता. उंदरांच्या पिंजऱ्यात दिसलेली ती जुनी शंका इथे माणसांत डोकावत होती. रोप उपटलं, आणि लांबचं बी जागं झालं असावं.

आक्षेपही सांगायला हवेत. यातल्या अनेक बायकांना आजची महागडी औषधं, खासकरून हर-टू प्रकारच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब, मिळालेली नव्हती. तुर्कस्तानातल्या चाचणीत दीर्घ पाठपुराव्यानंतर ऑपरेशनचा फायदा दिसला, तर नंतरच्या अमेरिकन चाचणीने मुंबईच्या निकालाला दुजोरा दिला. आजचा ढोबळ नियम असा, की फोर्थ स्टेजला आयुष्य वाढेल या आशेने स्तनाचं ऑपरेशन सरसकट करायचं नाही. गाठ फुटली, रक्त येऊ लागलं, दुर्गंधी सुटली, तर आरामासाठी जरूर करायचं. किती घरांचं कर्ज आणि किती बायकांच्या जखमा यामुळे वाचल्या असतील, याचा हिशेब कुठे ठेवला जात नाही.

आता परत त्या लिग्नोकेनकडे येऊ.

आपल्या मज्जातंतूंच्या भिंतीत बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम आत शिरतं आणि संदेश पुढे सरकतो, 'दुखतंय!' लिग्नोकेन ती दारं बंद करतं, म्हणून बधिरपणा येतो. गंमत अशी की कॅन्सरच्या काही पेशींवरही तशीच दारं सापडली, आणि प्रयोगशाळेत असं दिसलं होतं की पेशींना इकडून तिकडे सरकायला, शेजारच्या भागात घुसायला ती मदत करतात. मग ऑपरेशनच्या हिसक्याआधीच ती बंद केली तर?

२०११ साली चाचणी सुरू झाली. भारतातली ११ केंद्रं, १६०० बायका, सगळ्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या, ज्यांना आधी केमो न देता थेट ऑपरेशन करायचं होतं. अर्ध्या टक्क्याचं लिग्नोकेन, वजनाच्या हिशेबाने, गाठीच्या सगळ्या बाजूंनी टोचायचं. पुढचे उपचार, म्हणजे केमो, रेडिएशन, गोळ्या, दोन्ही गटांना ठरल्याप्रमाणे. निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या युरोपीय कर्करोग परिषदेत जाहीर झाला आणि २०२३ साली छापून आला.

पाच वर्षांनी रोग परत न आलेल्या बायका इंजेक्शनच्या गटात ८६.६ टक्के, दुसऱ्या गटात ८२.६ टक्के. जिवंत असलेल्या अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. टक्क्यांनी डोकं फिरत असेल तर असं बघा. लग्नाच्या पंगतीत एका रांगेत पंचवीस बायका बसल्या आहेत. सगळ्यांना हे इंजेक्शन दिलं तर त्यांतल्या साधारण एकीचा रोग पाच वर्षांत परत यायचा टळेल. बाकीच्या चोवीस जणींचं जे व्हायचं तेच होईल, कारण बऱ्याच जणींना एरवीही काही झालं नसतं आणि काहींचा रोग इंजेक्शनलाही जुमानला नसता. एक बाई म्हणजे थोडं वाटेल. पण भारतात दरवर्षी स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण सापडतात, असा २०२२ चा जागतिक अंदाज आहे. त्यातल्या ज्यांना हा उपाय लागू पडेल तेवढ्याच धरल्या तरी पंगती खूप होतात. आणि कॅन्सरची काही औषधं लाखोंच्या घरात जाऊन यापेक्षा कमी फरक पाडतात, हेही लक्षात घ्या.

तर मग जगभरच्या सर्जननी दुसऱ्या दिवसापासून हे इंजेक्शन का सुरू केलं नाही? शंका आहेत, आणि त्या रास्त आहेत. दुसऱ्या गटाला काहीच टोचलं नव्हतं. नुसतं मिठाचं पाणी टोचलं असतं तर फरक लिग्नोकेनचाच, हे जास्त ठामपणे म्हणता आलं असतं. कुणाला इंजेक्शन मिळालं हे सर्जनला माहीत होतं. हर-टू प्रकारच्या अनेक बायकांना इथेही पूर्ण औषध मिळालं नव्हतं. हाच प्रयोग दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी व्हायला हवा. माझा कल मात्र बडव्यांच्या बाजूने आहे. योग्य मात्रेत धोका नगण्य आणि खर्च किरकोळ असताना पुराव्याची मागणी किती ताणायची, यालाही मर्यादा असते. कंपनीला यात पैसा नाही. पेटंट केव्हाच संपलेलं, म्हणून दारोदार जाऊन हे औषध खपवणारा प्रतिनिधी नाही. नवं औषध असतं तर आतापर्यंत पंचतारांकित हॉटेलांत चार परिषदा झाल्या असत्या.

अशा चाचण्या मुंबईत होऊ शकल्या, कारण एका छताखाली एवढे रुग्ण जगात फार थोड्या ठिकाणी येतात. टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. रुग्णालय आणि अणुऊर्जा ही जोडी अनेकांना अजूनही कोड्यात टाकते. २०१२ साली देशभरच्या कॅन्सर केंद्रांचं एक जाळं, नॅशनल कॅन्सर ग्रिड, उभं राहिलं. आज त्यात तीनशेहून जास्त केंद्रं आहेत.

टाटातल्या स्तनविभागाचं काखेवरचं काम मात्र मुद्दाम सांगतो, कारण ते रोजच्या जगण्याला भिडतं. कॅन्सर काखेतल्या गाठींत गेला आहे का, हे बघायला पूर्वी सगळी काख साफ करत. त्याने हातातलं पाणी वर परतायचं थांबतं, हात सुजतो, बांगड्या चढत नाहीत, हंडा उचलवत नाही. पाश्चात्त्य देशांत यावर उपाय निघाला. किरणोत्सारी द्रव्य किंवा निळा रंग टोचून पहिली 'पहारेकरी' गाठ शोधायची आणि तेवढीच तपासायची. पण त्याला खास यंत्र लागतं, आणि ते जिल्ह्याच्या गावी कुठून आणणार? डॉ. वाणी परमार, डॉ. बडवे आणि सहकाऱ्यांनी एक देशी पर्याय तपासला. काखेत आडवी जाणारी एक ठरावीक नस असते. तिच्या खालची चरबी गाठींसकट काढायची, वर जायचं नाही. एकाच बाईवर दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या, आणि यंत्राशिवायची ही पद्धत यंत्राच्या तोडीस तोड निघाली. २०१३ साली ते छापून आलं. कोल्हापूर-नांदेडकडच्या सर्जनला यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही, नस ओळखता आली की झालं.

निदानाच्या बाबतीतही टाटाचा विचार असाच चालला. पाश्चात्त्य देशांत ठरावीक वयानंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नियमित होतो. आपल्याकडे यंत्रं कमी, फिल्म वाचणारे त्याहून कमी. शिवाय आपल्याकडच्या रुग्ण पाश्चात्त्य बायकांपेक्षा बऱ्याच तरुण असतात आणि तरुण स्तन एक्स-रेत दाट पांढरा दिसतो, त्यात पांढरी गाठ लपते. मग नुसत्या हाताने तपासलं तर?

डॉ. इंद्रनील मित्रा हे टाटाचेच ज्येष्ठ सर्जन. त्यांच्या पुढाकाराने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत याची चाचणी सुरू झाली. २० वस्त्या, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविका जाऊन हाताने स्तन तपासायच्या. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावी झालेल्या, काही आठवडे शिकवून तयार केलेल्या बायका. तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलकं मग दाबून, गळपट्टीच्या हाडापासून काखेपर्यंत. उरलेल्या वस्त्यांत फक्त कॅन्सरची माहिती दिली. याच प्रकल्पात गर्भाशयमुखाचीही तपासणी होती आणि तिथे निम्म्या बायकांना तपासणीशिवाय ठेवणं नैतिक होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली. ती टीका मला पूर्णपणे फेटाळता येत नाही.

निकाल २०२१ साली आला. तपासणीच्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्ण ३७ टक्के, इतर वस्त्यांत ४७ टक्के. म्हणजे रोग लवकर हाती लागत होता. स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी, पण हा फरक योगायोगानेही येऊ शकेल इतपतच. पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत फायदा सिद्ध झाला नाही. पुन्हा उपगट, पुन्हा भूमितीचा प्रश्न, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण मॅमोग्राफीचाही भरवशाचा फायदा पन्नाशीनंतरच दिसतो, त्यामुळे हा तुकडा अगदीच हवेतला नाही. सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायकांची आरोग्य केंद्रात हाताने स्तनतपासणी करायची तरतूद आहे. तुमच्या गावच्या उपकेंद्रात ती खरोखर होते का, हे एकदा विचारून बघा.

एवढं कौतुक केल्यावर एक गोष्ट सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाहिन्यांवर बातमी झळकली, 'टाटाने शोधली कॅन्सरची शंभर रुपयांची गोळी'. हे काम डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं, आणि माध्यमांशी बोलणाऱ्यांत बडवेही होते. कल्पना अशी की मरणाऱ्या कॅन्सरपेशी गुणसूत्रांचे तुकडे सोडतात, ते निरोगी पेशींत घुसून नवा उपद्रव करतात, आणि द्राक्षाच्या सालीत सापडणारं रेस्वेरेट्रॉल तांब्यासोबत दिलं की ते तुकडे नष्ट होतात. कल्पना वेधक आहे. पण पुरावा होता तो मुख्यतः उंदरांचा आणि थोड्या रुग्णांवरच्या लहान अभ्यासांचा. अनेक कॅन्सरतज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं की ही घोषणा फार लवकर झाली. ज्या माणसाने आयुष्यभर हजार-हजार चिठ्ठ्या टाकल्याशिवाय तोंड उघडलं नाही, त्याचं नाव अशा बातमीला जोडलं गेलेलं पाहून मला वाईट वाटलं. बातमी आली त्या आठवड्यात दोन नातेवाइकांनी मला ती गोळी कुठे मिळते म्हणून फोन केला. एकीची केमो चालू होती आणि ती थांबवावी का, असा तिचा प्रश्न होता. थांबवू नकोस, म्हणून सांगितलं.

लिग्नोकेनबद्दलही आता तसाच प्रश्न येतो, म्हणून उत्तर इथेच देतो. हा उपाय ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहे. ज्यांना आधी केमो देऊन मग ऑपरेशन होतं, त्यांच्यावर ही चाचणी झालेलीच नाही. ऑपरेशन झाल्यावर हे इंजेक्शन घेऊन काही उपयोग नाही. ज्या बाईचं पहिलंच ऑपरेशन ठरलंय, तिने किंवा तिच्या घरच्यांनी आदल्या भेटीत सर्जनला सरळ विचारावं, "गाठीभोवती लिग्नोकेन देणार का?" हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, किंवा दाताच्या वेळी या इंजेक्शनने कधी अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते भूलतज्ज्ञाला आधी सांगावं.